यूपीएसची बॅटरी: स्वतः बदलावी की माणूस बोलवावा?

पावणेतीन_खोल्या | शनिवार, सकाळी १०:४०

नमस्कार मंडळी.

आमच्याकडे १००० व्हीएचा यूपीएस आहे. २०२० साली ऑफिस उठून बेडरूममध्ये आलं तेव्हा घेतलेला, बॅटऱ्या मूळच्याच. आजवर बिचाऱ्याने तक्रार केली नाही. गेल्या महिन्यापासून मात्र वीज गेली की दोनदा टुंई टुंई करतो आणि तिसऱ्या टुंईला मान टाकतो. परवाच्या गुरुवारी मीटिंगमध्ये मी साहेबांना "हे मला अजिबात पटत नाही, कारण" एवढं म्हणालो आणि सगळं गेलं. वीस मिनिटांनी परत आलो तोवर साहेबांनी माझं म्हणणं मान्य करून टाकलं होतं.

ओळखीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. दोन बॅटऱ्या, येणंजाणं, मजुरी मिळून ३४०० म्हणाला, आणि "बुधवारकडे चक्कर टाकतो". कुठल्या महिन्यातला बुधवार ते सांगितलं नाही.

मग काल रात्री स्वतःच चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आत चिकटपट्टीने एकमेकींना बांधलेल्या दोन काळ्या विटा. प्रत्येकीवर १२ व्होल्ट ७ एएच (म्हणजे अँपिअर-तास) असं लिहिलंय. मल्टिमीटर लावला तर एक १२.५ दाखवते, दुसरी १०.४.

तर दोन प्रश्न. हे आपल्यासारख्या माणसाने घरी करावं का? आणि एकच गेली असेल तर एकच आणू ना? हजारेक रुपये वाचतील.

बायकोचं मत विचारलं. ती एवढंच म्हणाली, "मिक्सर आठवतोय ना?"

फ्यूजगुल | शनिवार, सकाळी १०:५२

करा बिनधास्त. दहा मिनिटांचं काम आहे. बल्ब बदलण्यापेक्षा अवघड, गॅसचा सिलिंडर बदलण्यापेक्षा सोपं.

तिरकस_तीर | शनिवार, सकाळी १०:५५

मिक्सरचं काय झालं ते आधी सांगा. सल्ला त्यावर ठरेल.

पावणेतीन_खोल्या | शनिवार, सकाळी ११:०३

मिक्सर उत्तम चालू आहे. फक्त उलटा फिरतो, असं घरच्यांचं म्हणणं.

तिरकस_तीर | शनिवार, सकाळी ११:०४

माणूस बोलवा.

निवृत्त_आणि_निवांत | शनिवार, सकाळी ११:२०

मी यूपीएस म्हणजे ती नवी पेन्शन योजना समजून आलो होतो. १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. शीर्षकात 'स्वतः बदलावी' वाचून वाटलं पर्याय बदलण्याबद्दल आहे. असो, आलोच आहे तर बसतो.

भर_दुपारी | शनिवार, दुपारी १:१५

अकोल्याहून लिहितोय. माझा छोटासा सायबर कॅफे होता, आता ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. सहा यूपीएस. पंधरा वर्षांत इतक्या बॅटऱ्या बदलल्यात की डोळे मिटून करीन, पण तुम्ही मिटू नका.

मला शिकवलं ते आमच्या उन्हाने. पुण्यामुंबईचे लोक पाच-पाच वर्षं बॅटरी चालली म्हणून सांगतात तेव्हा मी गप्प बसतो. आमच्याकडे दोन वर्षं झाली की साखर वाटायची. पंचवीस अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि मे महिन्यात माझ्या दुकानातल्या टेबलाखाली चाळीस सहज असतं. यूपीएस स्वतःही तापतो. त्यात लोक तो भिंतीला चिकटवून वर फायलींचा गठ्ठा ठेवतात. माझे दोन यूपीएस कुलरच्या वाऱ्यात आणि चार कोपऱ्यात होते. वाऱ्यातल्यांच्या बॅटऱ्या एक उन्हाळा जास्त काढायच्या.

बदलणं तसं सोपं आहे. उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. लाल कुठे, काळी कुठे, आणि दोन बॅटऱ्यांमधली ती वीतभर मधली वायर कुठून कुठे जाते. ही मधली वायर जुन्या बॅटरीबरोबर भंगारात जाते आणि मग माणूस तीन दिवस ती शोधत फिरतो. मी फिरलोय.

वायर ओढायची नाही, तिच्या टोकाचा पत्र्याचा लग धरून हलवत हलवत काढायचा. घट्ट बसला असेल तर नाकाडा पक्कड. आणि बॅटरी फुगून खोबणीत अडकली असेल तर पेचकस घालून उचकटू नका, सगळा डबा उलटा करून हळूहळू ठोका.

ओमचा_नियम | शनिवार, दुपारी २:३०

झाकण उघडून मल्टिमीटर लावलात तेव्हा भिंतीतला प्लग काढला होता का? उत्तर 'बटण बंद केलं होतं' असेल तर पुन्हा तसं करू नका. काही छोट्या यूपीएसमध्ये बॅटरीची बाजू आणि २३० व्होल्टची बाजू एकमेकींपासून पूर्ण तोडलेल्या नसतात. बॅटरी कागदावर बाराचीच असते, पण प्लग लागलेला असताना तिच्या टर्मिनलला हात लावून तुम्ही फरशीवर अनवाणी उभे असाल तर झटका मेन्सचा बसू शकतो.

आणि प्लग काढला म्हणजे झालं असंही नाही. यूपीएसचा धंदाच मुळी प्लग गेल्यावर २३० तयार करण्याचा आहे. म्हणून आधी कॉम्प्युटर वगैरे सोडवा, यूपीएस बंद करा, प्लग बाहेर काढा, बॅटरीची एक वायर सोडवा, आणि मग त्याचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. कपॅसिटरमध्ये उरलंसुरलं निघून जाईल. बोर्डाला हात लावण्याचं तुम्हाला काही कारण नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, एक की दोन. १०.४ हा आकडा बोलका आहे. या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी दोन व्होल्टच्या थोडा वर. एक सेल आतल्या आत शॉर्ट झाला की साडेबाराचे साडेदहा होतात. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. मग लोक म्हणतात, दुसरी १२.५ आहे ना, ती चांगली आहे. नाही! ती चांगली दिसते.

दोन्ही बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या आहेत. चार्जरला दोन बॅटऱ्या दिसत नाहीत, त्याला बारा सेलची एक चोवीसची माळ दिसते. तो जुन्या पद्धतीचा वाढपी आहे. बारा पानांचं मोजून टोपलं आणलंय, तेव्हा एक जण उठून गेला तरी टोपलं रिकामं केल्याशिवाय हलणार नाही. उरलेल्या अकरांना आग्रह. माळेवर साधारण २७.२ व्होल्ट धरले तर बारा सेलना प्रत्येकी २.२७ मिळतात, ते बरोबर. अकरा उरले की प्रत्येकी २.४७. म्हणजे तुमच्या 'चांगल्या' बॅटरीवर १३.६ ऐवजी १४.८ व्होल्ट चोवीस तास. त्यात ती गरम होते, आतलं पाणी वायू होऊन झडपेतून जातं, ती सुकते. एक सेल गेल्याला किती महिने झाले कोणास ठाऊक, तेवढे महिने ती भाजली जाते आहे.

दोन्ही बदला. एकाच कंपनीच्या, एकाच तारखेच्या.

काटकसर | शनिवार, दुपारी ३:०५

ओमचा_नियम साहेब, पुस्तकात बरोबर असेल. मी एकच बदलली होती. व्यवस्थित चालली.

ओमचा_नियम | शनिवार, दुपारी ३:०७

किती दिवस?

काटकसर | शनिवार, दुपारी ३:१०

आठ महिने.

ओमचा_नियम | शनिवार, दुपारी ३:११

आणि मग?

काटकसर | शनिवार, दुपारी ३:२६

मग दोन्ही घेतल्या.

फ्यूजगुल | शनिवार, दुपारी ३:२७

म्हणजे दोनच्या जागी तीन बॅटऱ्या. आयडी बदला हो.

झाकणझुल्या | शनिवार, संध्याकाळी ५:४०

कोणीही सांगणार नाही ते मी सांगतो. फेकू नका, पाणी पाजा.

वरची प्लॅस्टिकची पट्टी पातळ सुरीने उचकटली की खाली सहा रबरी टोप्या दिसतात. त्या काढायच्या, औषधाच्या दुकानातली सिरिंज घ्यायची, प्रत्येक भोकात तीन-चार मिली डिस्टिल्ड वॉटर सोडायचं. नळाचं नाही आणि आरओचंही नाही. तासभर थांबायचं, परत थोडं. टोप्या लावायच्या, पट्टी चिकटवायची, रात्रभर चार्जिंग. मेलेली बॅटरी उठून बसते. मी चार उठवल्यात.

ओमचा_नियम | शनिवार, संध्याकाळी ६:०२

सुकलेली असेल तर थोडी उठते, खोटं नाही. पण यांच्यासारखा सेल शॉर्ट असेल किंवा प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसला असेल तर गंगाजल घातलं तरी उपयोग नाही. शिवाय टोप्या या झडपा आहेत. आतला दाब वाढला की वायू सोडायचा आणि लगेच मिटायचं, हे त्यांचं काम. एकदा काढलेली टोपी तशीच बसेल याची खात्री देता का? आत सल्फ्युरिक ॲसिड आहे. डोळ्यात थेंब गेला तर हजार रुपयांची बचत कुठे मोजणार?

झाकणझुल्या | शनिवार, संध्याकाळी ६:१५

चष्मा घालतो मी. पण मान्य, उठवलेल्या चारपैकी एकही यूपीएसमध्ये नाही. दोन देवघराच्या एलईडी माळेला, एक नातवाच्या गाडीला. चौथी सहा महिन्यांनी परत झोपली.

कुडाळकरीण | शनिवार, रात्री ८:३०

ॲसिडवरून आठवलं. सांडलंच तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ओता, फसफस थांबेपर्यंत. आणि ते काम जुन्या कपड्यांत करा. माझ्या एका चांगल्या ड्रेसला दुसऱ्या दिवशी नाही, तर पहिल्या धुण्यानंतर भोकं पडली. जाळीच झाली.

दुसरं, बायकांसाठी खास. हातातल्या बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ काढून ठेवा. पुरुषांनी कडं. माझ्या भावाला हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जाडजूड स्टीलचं कडं घालून तो बॅटरी उचलायला गेला, कडं दोन्ही टर्मिनलांना एकदम टेकलं. फट् असा आवाज आला. एवढंच. बॅटरी त्याने लगेच सोडली म्हणून पायावर पडली, ते वेगळं. पण कड्याला चाकूने कापावी तशी खाच पडली होती आणि मनगटावर अर्ध्या चंद्रासारखा डाग. तो अजून आहे. बारा व्होल्टने झटका बसत नाही हे खरं, पण शॉर्ट झाल्यावर त्यातून क्षणभर शेकडो अँपिअर निघू शकतात, आणि भाजायला तेवढे पुरतात.

आमच्याकडे मे २०२१ च्या तौक्ते वादळात वीज गेली ती दिवसचे दिवस. इन्व्हर्टर पहिल्याच रात्री संपला. शेवटी नवऱ्याने गाडीतून मोबाइल चार्ज केले, आणि यूपीएसच्या बॅटरीवर बारा व्होल्टचा एलईडी लावून सासूबाईंच्या खोलीत दिवा दिला. यूपीएसवर कॉम्प्युटर पंधरा मिनिटं चालतो म्हणून आपण त्या बॅटरीला नावं ठेवतो. तीच पाच वॉटचा दिवा दोन रात्री देते.

भर_दुपारी | शनिवार, रात्री ८:५०

ताई, याला कारण आहे. ७ एएच हा आकडा वीस तासांच्या हिशेबाचा असतो. ०.३५ अँपिअर घ्या, वीस तास देईल. दहा अँपिअर घ्यायला गेलात तर गणिताने बेचाळीस मिनिटं येतात, प्रत्यक्षात वीस-पंचवीस. घाई केली की कमी देते. आमच्या गिऱ्हाईकाच्या अगदी उलट.

पाचवी_पायरी | शनिवार, रात्री ९:१०

वादळं जाऊ द्या, रोजचं भारनियमन आठवतंय का कोणाला? २००६-०७ च्या सुमारास आमच्या गावी दिवसाचे दहा-बारा तास. वेळापत्रक कॅलेंडरच्या शेजारी चिकटवलेलं. दळण, पाणी, अभ्यास, सगळं त्यावर. मावसबहिणीच्या रुखवतात इन्व्हर्टर मांडला होता, त्याला झालर लावून आणि वर 'उजेड तुझ्या संसारी' असं लोकरीने विणून. बायका रुखवत बघायला आल्या त्या पैठणीकडे न बघता बॅटरी कितीची आहे ते विचारत होत्या.

तिरकस_तीर | शनिवार, रात्री ९:१४

नवरामुलगा कितीचा ते कोणी विचारलं नाही?

पाचवी_पायरी | शनिवार, रात्री ९:१६

त्याचा बॅकअप कमी निघाला. वेगळा धागा काढते.

राईनकाठी | शनिवार, रात्री ११:५०

जर्मनीतून. इथे गाडीची बॅटरी घेताना जुनी आणून दिली नाही तर साडेसात युरो अनामत घेतात, जुनी आणली की परत. तिकडे काय पद्धत आहे आता? आम्ही असताना भंगारवाला न्यायचा.

कुडाळकरीण | रविवार, सकाळी ७:४५

पद्धत तीच, पण नियम आहेत. पूर्वी २००१ चे होते, आता २०२२ चे. बनवणाऱ्या कंपन्यांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला द्यायच्या असं त्यात आहे. दुकानदार जुनी घेऊन बिलात तेवढे कमी करतो, कारण शिशाला भाव आहे.

पण एक कळकळीने सांगते. आमच्या बाजूला जाळ्याला शिसं लागतं. माझा एक काका जुन्या बॅटऱ्या फोडून परसात, चुलीवर, पत्र्याच्या डब्यात शिसं वितळवायचा आणि आम्ही पोरं भोवती बसून बघायचो. चंदेरी पाणी दिसायचं, फार सुंदर. आज अंगावर काटा येतो. तो धूर आणि ती राख पोरांच्या मेंदूला बाधते. कुणी करत असेल तर थांबवा.

काटकसर | रविवार, सकाळी ९:३०

माझी एक शंका. सातच्या जागी मोठी लावली तर? माझ्याकडे गाडीची जुनी ३५ एएचची पडून आहे. वायर लांब करून बाहेर ठेवली की दोन तास चालेल.

ओमचा_नियम | रविवार, सकाळी ९:५५

वाटच बघत होतो, कोण विचारतंय याची.

तुमचा यूपीएस बारा व्होल्टचा असेल तर जोडली जाईल आणि चालेलही. पण त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि ट्रान्झिस्टर पंधरा मिनिटं तापून थंड व्हायच्या बेताने केलेले असतात. दोन तास सलग चालवलंत तर ते तापतच राहतील. चार्जर बिचारा अँपिअरभराचा, तो ३५ एएच भरेपर्यंत दीड-दोन दिवस घेईल. आणि गाडीच्या बॅटरीचा जन्म स्टार्टर मारण्यासाठी, क्षणभर खूप देऊन लगेच भरून घ्यायला. तिला रोज तळापर्यंत उपसलं तर लवकर जाते. वर ती बंद खोलीत चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तास-दोन तास हवे असतील तर इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी घ्या, हवेशीर जागी ठेवा.

फ्यूजगुल | रविवार, सकाळी १०:१०

आणि लिथियम? आकाराने तश्शीच, वजनाला निम्मी मिळते म्हणतात.

ओमचा_नियम | रविवार, सकाळी १०:३१

लिथियम आयर्न फॉस्फेटची चार सेलवाली १२.८ व्होल्टची येते. व्होल्टेज जवळपास जुळतं म्हणून लोक लावतात, आणि काहींची चालतेही. अडचण आतल्या संरक्षक सर्किटची. त्याची मर्यादा दहा-पंधरा अँपिअर असेल आणि यूपीएसने वीज गेल्याक्षणी पंचवीस ओढले तर ते सर्किट बॅटरीच तोडतं. म्हणजे ऐन वेळी अंधार. दोन ओळीने लावायच्या तर ते ओळीने लावायला चालतं का हेही बघावं लागतं. पहिल्यांदाच करणाऱ्याने शिशाचीच घ्यावी.

राउटरचे छोटे यूपीएस असतात ना, त्यात वेगळंच. तिथे दंडगोल लिथियम सेल वेल्ड केलेले असतात. ते सोल्डरिंग गनने तापवून बदलायला जाऊ नका. आग लागते.

निवृत्त_आणि_निवांत | रविवार, सकाळी ११:००

या यंत्राला मराठीत काय म्हणतात?

पाचवी_पायरी | रविवार, सकाळी ११:०५

अखंडवीजदाता.

तिरकस_तीर | रविवार, सकाळी ११:०७

निर्विघ्नविद्युत्पुरवठाकारक. चतुर्थीला आणून पाटावर बसवायचा. आमची आजी 'तो ओरडणारा डबा' म्हणते, तेच बरंय.

भर_दुपारी | रविवार, दुपारी १२:४०

खोल्यासाहेब, दुकानात जाल तेव्हा तीन गोष्टी. एक, तारीख. डब्यावर कोरलेली किंवा छापलेली असते, कधी आकड्यांच्या कोडमध्ये. दुकानदाराला वाचून दाखवायला लावा. नुसती पडून राहिली तरी ती महिन्याला थोडी थोडी उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत सहा-आठ महिने राहिली की नवीच म्हातारी. दोन, मल्टिमीटर खिशात न्या. १२.४ च्या खाली असेल तर "दुसरी दाखवा" म्हणा. तीन, वजन. सात एएचची बॅटरी दोन किलोच्या वर भरायला हवी. शिसं चोरता येतं, वजन चोरता येत नाही.

घरी जुनी बॅटरी खरंच गेलीय का ते बघायचं असेल तर मोटारसायकलचा इंडिकेटरचा बल्ब दहा मिनिटं लावून मीटर बघायचा. रिकाम्या हाती साडेबारा दाखवणाऱ्या कितीतरी बॅटऱ्या बल्ब लावला की नऊवर येतात.

पावणेतीन_खोल्या | रविवार, रात्री ९:४५

सर्वांचे आभार. ओमचा_नियम, उत्तर: होय, बटणच बंद केलं होतं. आणि होय, अनवाणी होतो. ही हे वाचते आहे, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही.

बल्बचा प्रयोग केला. तुमची १२.५ वाली 'चांगली' चौथ्या मिनिटाला १०.९ वर आली. दोन्ही बदलणार. उद्या तपकीर गल्ली, पुण्यातला विजेच्या सामानाचा बाजार.

पावणेतीन_खोल्या | मंगळवार, रात्री १०:२०

वृत्तांत.

काल ऑफिस लवकर बंद करून तपकीर गल्लीत गेलो. गाडी लावायला जागा शोधण्यात पस्तीस मिनिटं, बॅटऱ्या घेण्यात दहा. दुकानदाराला तारीख विचारली तर त्याने चष्म्यावरून बघितलं, काही न बोलता समोरचा जोड आत ठेवला आणि मागच्या खोलीतून दुसरा आणला. दोन्ही १२.८. दोन्ही मिळून १९५०.

घरी आलो, फोटो काढले, प्लग काढला, चप्पल घातली, घड्याळ काढलं. जुन्या बाहेर काढताना एक खरोखरच फुगलेली निघाली. आश्चर्य म्हणजे १०.४ वाली नव्हे, ती दुसरी, 'चांगली'. बाजू पोटासारखी पुढे आलेली. वाढप्याच्या आग्रहाची गोष्ट तेव्हा पटली.

आणि मग अडलं. यूपीएसच्या वायरींचे लग रुंद, नव्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या अरुंद. लग बसतो, पण डुगडुगतो.

ओमचा_नियम | मंगळवार, रात्री १०:२८

सांगायचं राहिलं, माझी चूक. या पट्ट्या दोन मापांत येतात, ४.७५ मिलिमीटर आणि ६.३५. दाबून दाबून बसवला नाहीत ना? दहा अँपिअर सैल जोडातून गेले की तो जोड तापतो, प्लॅस्टिक वितळतं.

पावणेतीन_खोल्या | मंगळवार, रात्री १०:४१

नाही दाबला. कबूल करतो, पक्कड हातात घेतली होती. हिने विचारलं, "यात बसतंय असं बनवलंय की तू बसवतोयस?" पक्कड खाली ठेवली.

आज सकाळी परत गेलो. दुकानदार म्हणाला, "जुनी बॅटरी घेऊन आला असता तर एका फेरीत झालं असतं." रुंद पट्टीचा जोड बदलून दिला, जास्तीचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी बसवल्या. मधली वायर आधी, मग काळी, शेवटी लाल. लाल टेकवताना चट् करून बारीक निळी ठिणगी उडाली आणि माझा हात आपोआप मागे आला. मग पुन्हा नेट लावून बसवली. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही! खोलीत शांतता. कोणीतरी 'मिक्सर' हा शब्द उच्चारला.

भर_दुपारी | मंगळवार, रात्री १०:४५

प्लग लावा हो!! काही मॉडेलं नुसत्या बॅटरीवर सुरूच होत नाहीत, त्यांना आधी मेन्स दाखवावी लागते. ठिणगीचं काही नाही, आतले कपॅसिटर भरतात त्याची. लाल-काळी उलटी लागली असती तर ठिणगी बारीक नसती, आणि आतला फ्यूज गेला असता. तुमचं नशीब बरं असेल तर फक्त फ्यूज.

पावणेतीन_खोल्या | मंगळवार, रात्री ११:०२

तेच केलं शेवटी. प्लग लावला, हिरवा दिवा. रात्रभर चार्ज होऊ देतो, उद्या परीक्षा.

पावणेतीन_खोल्या | बुधवार, रात्री ९:१५

कॉम्प्युटर, दोन मॉनिटर, राउटर लावून भिंतीचं बटण बंद केलं. टुंई. घड्याळ लावून बसलो. २३ मिनिटं चालला. शेवटची पाच मिनिटं शेजारच्या काकू "गॅस लीक आहे का हो?" विचारायला आल्या होत्या.

उद्या गुरुवार. साहेबांना पुढचं वाक्य सांगायचं आहे.

काटकसर | बुधवार, रात्री ९:३०

जुन्यांचे किती मिळाले?

पावणेतीन_खोल्या | बुधवार, रात्री ९:३४

त्या दोन्ही फेऱ्यांत न्यायच्या विसरलो. जोडीचे तीनशे कमी केले असते म्हणाला. सध्या चपलांच्या रॅकमागे आहेत, टर्मिनलांना चिकटपट्टी लावून.

काटकसर | बुधवार, रात्री ९:३५

तीनशे!!

निवृत्त_आणि_निवांत | रविवार, दुपारी ४:५०

पेन्शनचं इथे काही कळलं नाही, पण धागा वाचून आज आमच्या ६०० व्हीएच्या यूपीएसची बॅटरी बदलली. एकच होती. वय ६७, पहिलाच प्रयत्न. लाल वायर लावताना ठिणगी उडाली, ती चालते ना?

भर_दुपारी | रविवार, दुपारी ४:५८

चालते काका. मंगळवारचा माझा प्रतिसाद बघा. प्लग नंतर लावलात ना?

निवृत्त_आणि_निवांत | रविवार, दुपारी ५:०१

हो, चप्पल घालून.